नंबराला लावलेला कॅन

भोंगामावशीचा आवाज बसला त्या सकाळी छावणीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, आपल्यालाच ऐकू येईनासं झालंय. एका म्हाताऱ्याने कानात करंगळी घालून खाजवून पाहिलं. दवाखान्यात काहीजण कान तपासून घ्यायला आले. मग बातमी पसरली की कान शाबूत आहेत, मावशीचा घसा गेलाय. लोकांनी हुश्श केलं.

त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. लढाईतून जीव घेऊन पळालेल्या हजारो माणसांची ती छावणी. ताडपत्रीच्या खोल्या, मधून मातीच्या गल्ल्या, भोवती तारेचं कुंपण, ये-जा करायला एकच फाटक. एवढ्या माणसांना काही सांगायचं तर कचेरीने खांबावर कर्णा बसवला होता. तो वाऱ्याने पडला, दुरुस्त करून चढवला, पुन्हा पडला. मग कुणी उचललाच नाही. पुढे एकदा पाण्याचा टँकर आला आणि मागच्या गल्ल्यांना पत्ताच नाही, तेव्हा मावशी पालथ्या पिंपावर चढली आणि ओरडली. मागच्या गल्ल्या तर आल्याच, कुंपणापलीकडच्या शेतात काम करणारी माणसंही खुरपी टाकून बघायला आली. त्या दिवसापासून तिचं खरं नाव कुणी घेतलं नाही.

ओरडणं हे काम आहे. ज्याने केलं नाही त्याला वाटतं, तोंड उघडलं की झालं. मावशी पाय फाकवून उभी राहायची, वाऱ्याकडे पाठ करायची, पोटात श्वास भरायची आणि एकेक शब्द तोडून फेकायची. फेकलेला शब्द शेवटच्या ताडपत्रीपर्यंत पोचू द्यायचा, मग पुढचा. घाई केली की शब्द एकमेकांवर आपटतात आणि नुसता कालवा होतो. विटा वाहणाऱ्यासारखं जेवण लागायचं तिला. त्यावरून कुणी टोमणा मारला तर ती तो टोमणा पिंपावर चढून सगळ्या छावणीला ऐकवायची, मारणाऱ्याच्या गल्लीच्या नावासकट. टोमणे बंद झाले.

त्यानंतर टँकर मात्र ती ओरडून सांगायची नाही. फाटकाजवळच्या झाडाला आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा टांगला होता. टँकर दिवसाआड यायचा. तो वळणावर दिसला की मावशी हातोडा घेऊन रूळ बडवायची. रूळ फक्त पाण्यासाठी. आग लागली तरी ओरडायचं, रुळाला हात लावायचा नाही. कारण रूळ वाजला की तापाने फणफणलेला माणूसही कॅन घेऊन धावतो, आणि जो धावला त्याला पाणी मिळालंच पाहिजे. मावशीने आजवर एकदाही खोटा रूळ वाजवला नव्हता. तिला या एकाच गोष्टीचा तोरा होता, पण तोरा चांगला घसघशीत होता.

धावत आलं की कॅन नंबराला लावायचा. एकदा लावला की माणूस सावलीत बसो, झोपो, भांडायला जावो, नंबर त्याचाच. कॅन म्हणजे माणूस. दुसऱ्याचा कॅन उचलायचा नाही, पायाने सरकवायचा नाही, वाटेत आला तर वळसा घालून जायचं. यावरून छावणीत डोकी फुटली होती आणि एक ठरलेलं लग्न मोडलं होतं. रांगणारी पोरंसुद्धा कॅनच्या रांगेपाशी आली की थांबायची आणि कडेने रांगायला लागायची.

मावशीचं तिसरं काम तिने स्वतःच अंगावर घेतलं होतं. मागच्या गल्लीतल्या दोघी बहिणी कुणा माणसाबरोबर हॉटेलात कामाला म्हणून गेल्या. जाताना हसत गेल्या. पुन्हा ना फोन, ना निरोप. त्यांची आई फाटकावर येऊन विचारायची, गाडी कुठल्या रंगाची होती? कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी बघितलंच नव्हतं. मावशीला त्या प्रश्नाने झोप येईना. तिने ठरवलं, यापुढे बाहेरच्या माणसाबरोबर कुणी निघालं की आपण पिंपावर चढायचं.

"ऐका! गवंड्याचा पोरगा निघालाय! पांढऱ्या गाडीतून! हे जाडे गृहस्थ त्याला नेतायत! फरशी बसवायच्या कामाला! रविवारी परत येणार! गृहस्थ, जरा इकडे तोंड करा, सगळ्यांना दिसू दे!"

जो खरोखर कामाला नेत असे तो हसायचा, हातही हलवायचा. एकजण तर गाडीतून उतरून म्हणाला, "बाई, माझ्या दुकानाचं नाव पण घ्या की." दुसरा एकजण मात्र मावशी पिंपावर चढताना बघूनच गाडी उलटी फिरवून पळाला. त्याचा एक बूट मागे राहिला. तो बूट मावशीने पिंपाला टांगून ठेवला होता.

कचेरीत एक तरुण बाई होती. निळं जाकीट घालायची म्हणून निळी ताई. मुलींना फसवून नेणाऱ्यांपासून लोकांना सावध करणं हेच तिचं काम. ती मावशीला म्हणाली, "मावशी, काम झकास आहे तुमचं. फक्त जाणाऱ्याला विचारून ओरडा. कुणाला नको असेल तर नको."

"ज्याला नको असेल तो का नको म्हणतोय ते विचारू का?"

"ते खुशाल विचारा."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना गल्ल्यागल्ल्यांची रस्सीखेच झाली आणि मावशीने आपल्या गल्लीसाठी असा काही घसा फाडला की गल्ली जिंकली आणि घसा फाटला. डॉक्टरने आत बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, "एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

मावशीने मान हलवली. लोकांची चंगळ झाली. वर्षानुवर्षं ज्यांना तिच्यापुढे तोंड उघडता आलं नव्हतं ते एकेक करून येऊन बोलून गेले. शेजारीण तर स्टूल घेऊनच आली. पहिलीआजी, म्हणजे टँकरच्या रांगेत जिचा पहिला नंबर कधी चुकला नाही ती, म्हणाली, "किती गोड बाई आहेस गं तू! आधी लक्षातच नाही आलं."

मावशीच्या खोलीत तिची भाची राहायची. थोरल्या बहिणीची मुलगी, बहीण वाटेतच गेली. पोरगी सहा फुटाला टेकलेली, म्हणून तिला सगळे लांबी म्हणायचे. नुकतीच अठरा पूर्ण झालेली. मावशीच्या उलट, लांबीचा आवाज शेजारच्या उशीपर्यंतसुद्धा पोचायचा नाही. घसा धड होता तेव्हा मावशी छावणीभर ओरडायची आणि लांबी लाजेने ताडपत्रीआड व्हायची. एकदा ती चिडून म्हणाली,

"मावशी, तू काल माझी सर्दीपण ओरडून सांगितलीस!"

"औषधाची गोळी कुणाकडे आहे का म्हणून विचारलं. मिळाली ना?"

"सात जणांनी आणून दिली! आता मी कुठे गेले की लोक विचारतात, नाक कसं आहे!"

तिला तिथून निघायचं होतं. काम करायचं होतं, स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं. दिवसाआड भरलेला कॅन खांद्यावर घेऊन खांद्याला पडलेला घट्टा तिला बघवत नव्हता. यात काही वावगं नाही. कामाची भूक असणं चांगलंच. मावशीलाही ते कळत होतं, म्हणून ती निळ्या ताईच्या मागे लागली होती. ताई म्हणाली होती, चौकशी करून सांगते, वेळ लागेल. लांबीला वेळ नको होता.

तेवढ्यात अत्तरवाला आला. त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं, वास सगळ्यांना माहीत होता. तो फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर बसायचा आणि मुलींशी फार अदबीने बोलायचा. "मी तुमच्यातलाच आहे," तो म्हणायचा. "अशाच छावणीत वाढलोय. पाण्याच्या रांगेत उभा राहून राहून मोठा झालो. आज बघा." मग मनगटावरचं घड्याळ दाखवायचा. त्याच्याकडे मोठ्या शहरातल्या बंगल्यात मुलं सांभाळायचं काम होतं. अट एकच. कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर सगळ्याजणी मागे लागतील आणि जागा तर थोड्याच. लांबीला त्याची ती हळू बोलण्याची रीत फार आवडली. लहानपणापासून तिच्याशी हळू असं कुणी बोललंच नव्हतं.

मावशीचा घसा गेला तसा त्याने दिवस ठरवला. भोंगा बंद आहे हे त्यालाही टपरीवर कळलं होतं.

त्या दिवशी सकाळी मावशी चूल पेटवत होती. टँकर आदल्या दिवशीच येऊन गेला होता, सगळ्यांकडे पाणी होतं. शेजारीण समोरून गेली, तिच्या हातात पिवळा कॅन, मुठीला लाल चिंधी बांधलेली. चिंधी मावशीनेच बांधली होती. कॅन लांबीचा. मावशीने कॅनकडे बोट केलं आणि भुवया वर केल्या.

"हा? लांबीने दिला," शेजारीण म्हणाली. "म्हणाली, काकू, तुम्हाला ठेवा, मला आता लागायचा नाही. मी म्हटलं, असं कसं, पण पोरगी ऐकेना. किती गुणाची बाई!"

मावशीच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली. छावणीत लोक चप्पल देतील, ताटातला घास देतील. कॅन कुणी देत नाही. जो परत यायचा नाही तोच कॅन देतो. ती आत गेली. लांबीची पिशवी खुंटीवर नव्हती.

वय झालं तरी मावशी धावली. धावताना तिने हाका मारल्या, पण तोंडातून पंक्चर झालेल्या चाकासारखी नुसती हवा आली. गल्लीतली माणसं कौतुकाने बघत होती. "बघा, मावशी व्यायाम करतेय. डॉक्टरने सांगितलं असेल."

फाटकाच्या आतल्या मोकळ्या जागेत राखाडी गाडी उभी होती, इंजिन चालू. मागच्या बाकावर लांबी आणि आणखी दोघी. अत्तरवाला खिडकीतून हात घालून मुलींचे ओळखीचे कागद आणि फोन गोळा करत होता. "सगळं माझ्याकडे राहू दे, हरवणार नाही."

मावशीने फाटकवाल्याला दंडाला धरून ओढलं. बोटाने गाडी दाखवली. मग दोन हातांनी चाक फिरवलं, गळ्यावरून बोट ओढलं, वेणी दाखवली, खिशात हात घालून चोर दाखवला.

फाटकवाला नीट बघत होता. "दात दुखतोय?"

मावशीने पुन्हा चाक फिरवलं.

"गाडी शिकायचीय? मावशी, या वयात?"

मावशीने कपाळावर हात मारला.

"डोकं! डोकं दुखतंय!" फाटकवाला खूश झाला. मग त्याने गाडीकडे बघितलं. "लांबीचं म्हणताय होय? मी विचारलं की तिला. म्हणाली काका आहेत. सज्ञान आहे, कागद बरोबर आहेत. कुठल्या कायद्याने अडवू?"

अत्तरवाल्याने मावशीला बघितलं आणि हात जोडले. "मावशी, आशीर्वाद द्या पोरीला." मग ड्रायव्हरला म्हणाला, "चल."

लांबी खिडकीतून बघत होती. मावशीची नजर आली तशी तिने मान वळवली. तिला वाटलं असणार, निदान आज तरी कुणी ओरडत नाहीये.

मावशीने रुळाकडे पाहिलं.

आयुष्यात माणसाकडे फार थोडं असतं जे कधी मोडलेलं नसतं. मावशीचं घर मोडलं होतं, गाव मोडलं होतं, आता आवाजही मोडला होता. रूळ तेवढा खरा राहिला होता. ज्या दिवशी तो खोटा वाजेल त्यानंतर लोक तो वाजल्यावर जागचे उठतील की नाही, देव जाणे. ती क्षणभर तिथेच उभी राहिली. तेवढ्यात ड्रायव्हरने गिअर टाकला.

हातोडा मारतानाही रीत असते. हात सैल, खांदा मोकळा, जोर कमरेतून, आणि रुळाच्या मधोमध नाही तर टोकापाशी मारायचं, म्हणजे नाद मोकळा सुटतो. मावशीने असा पहिला टोला मारला की झाडावरचे पक्षी उडाले. मग ती थांबलीच नाही.

पहिल्यांदा पहिलीआजी आली. कुठून आली, कशी आली, कुणाला कळलं नाही. तिचा निळा कॅन गाडीच्या पुढच्या चाकासमोर टेकला तेव्हा बाकीची छावणी अजून चपला शोधत होती. मग गल्ल्या फुटल्या. पिवळे कॅन, पांढरे कॅन, रंगाचे डबे, हंडे, बाळाचा अंघोळीचा टब, दवाखान्यातली कचऱ्याची बादली. एकजण दाढी अर्धी करून आला होता, एक बाई एका हातात लाटणं घेऊन. "काल तर येऊन गेला!" "अहो, जास्तीचा आला असेल!" "कुणाचा पाय? माझ्या पायावर कुणाचा पाय?" "तुमचाच आहे तो, दुसरा!" टँकर नेहमी उभा राहतो ती जागा म्हणजे नेमकी फाटकाच्या तोंडची जागा. रांग तिथून सुरू झाली, गाडीपुढून गेली, तिला उजवीकडून वळसा घातला, मागे गेली, डावीकडून पुन्हा पुढे आली, आणि तरी माणसं येतच होती. बघता बघता गाडी कॅनच्या वेटोळ्यात बसली. कॅन लावून माणसं सावलीला गेली आणि गप्पांना बसली.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"रांग सरकली की सरकू," कुणीतरी म्हणालं.

अत्तरवाल्याने काच खाली केली. "अहो, टँकर कुठंय? दिसतोय का तुम्हाला टँकर?"

"येईल की."

"येणार नाहीये! काल आला होता!"

"तुम्ही टँकर खात्यात आहात का?" पहिलीआजीने विचारलं. "रूळ वाजलाय. आमची भोंगा कधी खोटा रूळ वाजवत नाही."

हे ऐकून मावशीने हातोडा पदराआड लपवला.

अत्तरवाला गाडीतून उतरला. आता त्याच्या अत्तरात घामाचा वास मिसळला होता. तो पुढे गेला, खाली वाकला, पहिलीआजीचा निळा कॅन मुठीला धरून उचलला आणि बाजूला भिरकावला.

कॅन मातीत दोनदा उडाला आणि आडवा झाला. रिकामा होता, आवाज मोठा झाला.

सावलीतल्या सगळ्या गप्पा थांबल्या. लाटणंवाली उभी राहिली. तिच्या मागे ओळच्या ओळ उठली. अत्तरवाल्याला काही कळेना. त्याने एक प्लास्टिकचा कॅन हलवला होता. हे लोक असे बघत होते, जणू त्याने कुणा म्हातारीला उचलून फेकलं.

"कॅन हलवला," पहिलीआजी म्हणाली. "माझा कॅन हलवला."

"आजी, गाडी काढायचीय. पुन्हा ठेवा की तिथेच."

"पुन्हा ठेवा म्हणतो!" लाटणंवाली ओरडली. "ऐकलंत का हो? पुन्हा ठेवा म्हणतो!"

"तुम्हीच म्हणायचात ना, रांगेत उभं राहून मोठा झालो?" टपरीवाला मागून म्हणाला. "कुठल्या रांगेत? सिनेमाच्या?"

हसण्याचा असा फवारा उडाला की अर्ध्या दाढीवाल्याच्या गालावरचा फेसही उडाला. पण गाडीत एक मुलगी हसली नाही. लांबीने सगळं खिडकीतून बघितलं होतं. रांगेत मोठा झालेला माणूस झोपेतसुद्धा कॅनला वळसा घालतो. तिला स्वतःला माहीत होतं, ती घालते. या माणसाने उचलून फेकला. म्हणजे तो रांगेत कधी नव्हताच. आणि हे खोटं असेल तर बंगला? आणि मुलं?

"काका, माझे कागद द्या," ती म्हणाली. नेहमीसारखी, हळू.

"बस खाली," तो खिडकीशी येत म्हणाला.

"मला उतरायचंय."

"बस म्हटलं ना!" ही हळू बोलण्याची रीत नव्हती. ही त्याची खरी रीत होती. त्याने बाहेरून दार दाबून धरलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "कॅनवरून घाल गाडी."

लांबीने दाराला धक्का दिला. दार हललं नाही. मग तिने मावशीकडे पाहिलं. मावशी कॅनच्या पलीकडे उभी होती, तोंड उघडं, आणि तोंडातून काहीच येत नव्हतं. लांबीने खिडकीतून कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं, लांब असण्याचा उपयोग तिला पहिल्यांदाच झाला. पोटात श्वास भरला. वर्षानुवर्षं लाजेने ताडपत्रीआडून जे ऐकलं होतं ते सगळं तिच्यात भरलेलं होतं.

"ऐका! मावशीची भाची निघाली होती! राखाडी गाडीतून! हा माणूस मला नेत होता! म्हणाला, कुणाला सांगू नको! माझे कागद याच्याकडे आहेत! माझा फोन याच्याकडे आहे! मला उतरू देत नाही!"

शेतातली माणसं खुरपी टाकून कुंपणाला आली.

पुढचं फार लवकर झालं. धावले सगळेच, पण एकाही कॅनला पाय लागला नाही, माणसं कॅनमधून उड्या मारत गेली, नाचल्यासारखी. पोती वाहणाऱ्या दोघा भावांनी दार उघडलं, उघडलं म्हणजे काढलंच. लाटणंवाली बॉनेटवर जाऊन बसली. ड्रायव्हर किल्ली गाडीलाच ठेवून खाली उतरला आणि हात वर करून उभा राहिला, त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. अत्तरवाला पळायला निघाला, पण आता चारी बाजूंनी कॅन होते आणि कॅनपाशी त्यांचे मालक. इतका वेळ डोकं खाजवत असलेला फाटकवाला एकदम म्हणाला, "चाक, वेणी, चोर! आत्ता कळलं!" आणि त्याने फाटकाला कुलूप घालून निळ्या ताईला फोन लावला.

लांबी मावशीच्या गळ्यात पडली. मावशीने तिला जवळ घेतलं, पाठीत एक धपाटा घातला, पुन्हा जवळ घेतलं, पुन्हा धपाटा घातला.

"बाकीचं सगळं ठीक," अर्ध्या दाढीवाला म्हणाला. "पण टँकर कुठंय?"

सगळे मावशीकडे बघायला लागले. तिने पदराआडून हातोडा काढला. पोरगी हाती आली होती, आता लोकांना तोंड द्यायचं होतं. डॉक्टरने कुजबुजायचं नाही म्हणून सांगितलं होतं, पण हे दुसऱ्याकडून सांगण्यासारखं नव्हतं. ती पहिलीआजीच्या कानाशी गेली.

"टँकर नाही. मी खोटा वाजवला."

आजीने जमिनीवरून आपला निळा कॅन उचलला, धूळ पुसली. सगळी छावणी आजीच्या तोंडाकडे बघत होती.

"टँकर नाही म्हणते," आजी म्हणाली. "हिने खोटा वाजवला. पोरीसाठी."

दोनचार जणांनी निःश्वास सोडले. आजी कॅन घेऊन पुढे गेली आणि तिने तो होता तिथेच, चाकासमोर, पुन्हा नंबराला लावला.

"आजी, टँकर नाही म्हणतायत ना?"

"आज नाही. उद्या आहे ना? माझा पहिला नंबर लागलेला आहे. मी कशाला उचलू?"

यावर दुसऱ्या नंबरवाल्याने विचार केला. आजी उचलणार नसेल तर आपण दुसरा नंबर का सोडायचा? तिसरीने दुसऱ्याकडे बघितलं. असं करत करत विचार रांगेच्या शेपटापर्यंत गेला, आणि शेपटाने ठरवलं की एवढे सगळे थांबणार तर आपण उचलून पुन्हा मागे कशाला जायचं. आपण तर मागेच आहोत. एकाही माणसाने कॅन उचलला नाही.

निळी ताई शहरातून पोलीस घेऊन आली तेव्हा सगळी छावणी फाटकापाशी बसलेली होती. चहा चालला होता, कुणी गाणी म्हणत होतं. पोलिसांच्या साहेबाला गाडी ठाण्यावर न्यायची होती. त्याने कॅनकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं.

"हे जरा बाजूला..." तो म्हणाला.

"नाही," ताई पटकन म्हणाली. "साहेब, ते नको. गाडी उद्या न्या."

साहेब समजूतदार निघाला. अत्तरवाल्याला चालत नेलं, दोन शिपायांमध्ये, कॅनला वळसे घालत घालत. शेवटी तो वळसा घालायला शिकला.

ठाण्यात तो बोलायला लागला. त्याच्या पत्त्यांवर छापे पडले आणि एका कुलूपबंद घरात बऱ्याच मुली सापडल्या. मागच्या गल्लीतल्या दोघी बहिणीही त्यांतच होत्या. थोरली आली तेव्हा अंगात नुसती हाडं उरली होती, धाकटी बरेच दिवस आईचा पदर सोडून कुठे जाईना. पण आल्या. आईने पहिल्यांदा त्यांना दोन नवे कॅन आणून दिले.

टँकरदादा दुसऱ्या दिवशी वळणावर आला आणि त्याने ब्रेक मारला. रूळ वाजायच्या आत सगळी छावणी रांगेत असलेली त्याने कधी बघितली नव्हती, तीही मधे एक राखाडी गाडी ठेवून. "माझं काही चुकलं का?" तो घाबरून म्हणाला.

खोट्या रुळाची शिक्षा पहिलीआजीने ठरवली आणि ती कुणाला जड वाटली नाही, मावशी सोडून. उन्हाळाभर आजीचा भरलेला कॅन मावशीने वाहायचा. मावशीने तो वाहिला, गुडघ्यात वाकून उचलायचा, कमरेत नाही, आणि अंगाशी धरून चालायचं. आजी मागून चालायची आणि म्हणायची, "सांडतंय हं." मावशीचा घसा तोवर बरा झाला होता, पण यावर ती काही बोलली नाही.

लांबी शेवटी कामाला गेलीच. निळ्या ताईने चौकशी करून बेकरीत काम शोधलं, मालकीणबाई स्वतः येऊन गेल्या. निघायच्या दिवशी मावशी पिंपाकडे निघाली तर लांबी आधीच वर उभी. "ऐका! मी निघालेय! बेकरीत! लाल बस! या बाई मालकीण! महिन्याच्या शेवटच्या रविवारी येणार! आणि माझी सर्दी बरी आहे!"

शेजारणीकडून तिने कॅन परत मागून घेतला होता. तो मावशीच्या हातात दिला. "ठेव. नंबराला माझाही लाव."

तेव्हापासून रूळ वाजला की मावशी दोन कॅन लावते, एक तिचा, एक लाल चिंधीचा. नवीन आलेलं कुणीतरी मधूनच कुरकुरतं, "एका माणसाला दोन कशाला?"

"एका कुठे?" पहिलीआजी पुढून म्हणते. "ती काय, लांबी तिथे उभी. दिसत नाही का एवढी उंच पोरगी?"

आणि तो नवीन माणूस कॅनकडे बघतो, मागे सरकतो आणि वळसा घालून जातो.